सुपडू मास्टरची पांढरी पट्टी

दसऱ्याचा दिवस होता. रक्कम दीड लाख रुपये, गोडाऊनचं डिपॉझिट. हजर आम्ही चौघं: पैसे देणारे सुपडू मास्टर, घेणारे गोडाऊनचे मालक भरतभाई, मास्टरांच्या पत्नी कलावहिनी आणि साक्षीला मी. नोटा मी दोनदा मोजल्या. मोजणं हा माझा धंदाच आहे. सुरतेला पांडेसऱ्यातल्या एका कापडाच्या पेढीत मी हिशेब लिहितो. भरतभाईंनी नोटा कपाळाला लावल्या आणि म्हणाले, "मास्टर, हवे तमे शेठ!" आता तुम्ही शेठ.

मास्टर हसले नाहीत. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातात त्या दिवशी हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, बाकी काही नाही. दोन तोळ्यांच्या पाटल्या आदल्या आठवड्यात सराफाकडे गेल्या होत्या आणि दीड लाखांपैकी एक लाख अठरा हजार त्या पाटल्यांचे होते. "वर्षाच्या आत परत करीन," असं मास्टरांनी माझ्यादेखत सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "आधी धंदा तर करा. हात काही पळून नाही चालले."

मास्टर माझे शेजारी. नवागामच्या आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत, त्यांतलं त्यांचं आठवं, माझं नववं. मी परभणीकडचा, ते खानदेशातले. सूर्यफुलाच्या तेलाचा डबा अर्धा अर्धा घेण्यापासून आमची ओळख सुरू झाली आणि पुढे अशी वाढली की रविवारचा सकाळचा चहा कोणाच्या घरी झाला हे संध्याकाळी आठवू नये. ते मला "भाऊ" म्हणत. दारात दिसलो की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवनात का?" सकाळचे सात वाजले असले तरी हाच.

मास्टर म्हणजे शाळेचे नव्हेत. रंगाचे. मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात जो माणूस शेड जुळवतो, त्याला सुरतेत मास्टर म्हणतात. व्यापारी साडीचा तुकडा आणून टाकतो, म्हणतो असाच रंग पाहिजे, आणि मास्टर तो रंग बनवून देतो. सुपडू मास्टरांनी हे काम चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या मिलमध्ये केलं. रंगांना नंबर असतात, पण ते नंबर सांगत नसत. "कैरी पाड लागल्यावर होते तसा." "खरबुजाच्या पोटातला." "पोलिसाच्या जीपवरचा जुना." माझ्या बायकोच्या एका नव्या साडीला त्यांनी "तापातून उठलेला हिरवा" म्हटलं होतं. ती साडी तिने पुन्हा नेसली नाही.

त्यांच्या हातांची नखं कधी स्वच्छ नसत. साबण, रॉकेल, लिंबू, काही चालत नसे. लग्नसराईत कुठला रंग चालणार हे गल्लीतल्या बायका त्यांच्या नखांवरून ओळखत. नखं मोरपंखी झाली की बायका म्हणत, यंदा मोरपंखी महागणार. कपडे मात्र अंगावर कायम पांढरे. मी एकदा विचारलं, रंगाच्या खात्यात पांढरा शर्ट कशाला? म्हणाले, "रंगाच्या माणसानं पांढरंच घालावं भाऊ. डाग कुठं पडला ते दिसतं."

आणि खिशात पांढरी पट्टी. बोटभर रुंद, वीतभर लांब, न रंगवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या ते घरीच फाडून ठेवत. मिलमध्ये टाकीतलं पाणी धुऊन साफ झालं की नाही हे पाहायला पट्टी बुडवायची, वाळवायची आणि उजेडात धरायची, ही कामाची रीत. पण मास्टरांची ही सवय कामापुरती राहिली नव्हती. मिठाईच्या दुकानातल्या केशरी दुधात त्यांनी पट्टी बुडवली आणि दुकानदाराला सांगितलं, "केशर नाही, आमच्याकडचाच माल आहे." गल्लीतल्या एका लग्नात नवरदेव लाल फेटा बांधून घोड्यावर बसला. मास्टर त्याच्या बापाच्या कानाशी लागले, "घाम येण्याआधी फेटा बदला." बाप म्हणाला, "मास्टर, आज तरी पट्टी घरी ठेवा." वरात दारात पोचली तेव्हा नवरदेवाच्या दोन्ही गालांवरून लाल ओघळ गळ्यापर्यंत आले होते आणि नवरीची आजी किंचाळली होती, पोराचं डोकं फुटलं म्हणून. मास्टर एका कोपऱ्यात उभे राहून हसू दाबत होते. पुढे होऊन त्यांनीच आपल्या पांढऱ्या रुमालाने त्याचा चेहरा पुसला.

अशा माणसाला एकच हौस होती. आपलं स्वतःचं डाईंग असावं. कापडबाजारात आम्ही कधी गेलो तर एखाद्या दुकानाच्या काचेसमोर ते थांबत. "हा जांभळा माझा." आतला माणूस गिऱ्हाइकाला सांगत असे की रंग परदेशातून आलाय. मास्टर ऐकत आणि पुढे चालू लागत. एकदा मात्र बोलले, "चोवीस वर्षं झाली भाऊ. एका साडीच्या चिठ्ठीवर माझं नाव नाही."

म्हणून ते दसऱ्याचे दीड लाख. मशिनरी जुनी घेतली, तिला प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे लागले. गोडाऊन आमच्या गल्लीच्या बरोबर मागे, पत्र्याचं. साडीला आणि ओढणीला लावायची लेस रंगवून द्यायची, किलोवर मजुरी घ्यायची, असं काम. बोर्डावर काय नाव लिहायचं यावर चर्चा झाली. मास्टरांच्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून जन्मल्याबरोबर आईने त्यांना सुपात घातलं होतं. तेच नाव पडलं. वहिनी म्हणाल्या, "बोर्डावर सुपडू लिहिलं तर लोक तांदूळ पाखडायला आणतील." तरी त्यांनी तेच लिहिलं: सुपडू डाईंग. निळ्यावर पांढरं. निळा त्यांनी स्वतः जुळवला. पेंटरला तीन वेळा पुसायला लावला.

एक फिरती खुर्चीही घेतली. काळी, उंच पाठीची, शेठ लोक बसतात तशी. तिच्यावरचं प्लॅस्टिक काढलं नाही आणि तिच्यावर बसलेही नाहीत. "वर्षाचा हिशेब नफ्यात आला की बसीन," म्हणाले. हिशेब माझ्याकडे होता, रविवारी दोन तास. त्यामुळे तो दिवस कधी येणार याची चौकशी माझ्याकडे होई. दिवाळीनंतर लग्नसराई लागली आणि मला वाटलं, दसऱ्याच्या आतच येईल.

कामाला त्यांनी आपल्याच गावची पाच माणसं आणली. त्यांतला मुख्य गुलाब. तिशीतला, अंगाने आडवा, तोंडाने फटकळ, मास्टरांना "आप्पा" म्हणणारा. गावात त्याच्याकडे काम नव्हतं. इथे त्याने पहिल्या तीन महिन्यांत भेस्तानला खोली घेतली, बायकोला आणलं, आणि थोरल्या मुलीचं नाव शाळेत घातलं. मास्टर हे सगळ्यांना सांगत. स्वतःच्या धंद्यापेक्षा जास्त अभिमानाने सांगत असत, असं मला आता वाटतं.

आता त्या बोअरबद्दल लिहिलं पाहिजे.

गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात एक जुना बोअर होता. आटलेला. लेस रंगवून झाली की टाकीतलं रंगाचं पाणी कुठे सोडायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. भरतभाईंनी बोअरकडे बोट दाखवलं. "आ सुकाई गयो छे. पाणी एमां जवा दो, धरती पी जशे." यातच सोडा, जमीन पिऊन टाकेल. वर म्हणाले, "बधा एम ज करे छे." सगळे असंच करतात, हे खरंही होतं. मिलमध्ये पाणी साफ करायचं खातं वेगळं असतं. मास्टरांनी चोवीस वर्षांत टाकीचा नळ उघडला की पाणी कुठे जातं हे पाहिलं नव्हतं. ते रंग चढवणारे, पाणी उतरवणारे दुसरे. त्यांनी पाईप बोअरमध्ये सोडला. पाणी गुडगुड करत खाली गेलं आणि पुन्हा दिसलं नाही.

आमच्या गल्लीत तेव्हा नळ नव्हता. पालिकेची लाईन मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती, आत यायची होती. सगळी घरं गल्लीच्या टोकाच्या सामाईक बोअरवर. ज्यांना परवडे ते प्यायला वीस लिटरच्या जगचं पाणी विकत घेत, बाकीचे तेच पीत.

संक्रांतीनंतर बायकांची तक्रार सुरू झाली. पांढरे कपडे मळकट निघतात. बनियनचा रंग कसातरी होतो. तक्रार कोणाकडे न्यायची? रंगातलं ज्याला कळतं त्याच्याकडे. समोरच्या घरातली जिजी, सत्तरीची विधवा, पांढरी लुगडी नेसणारी, तिने आपलं लुगडंच आणून दाखवलं. मास्टरांनी ते उजेडात धरलं, चुरगाळून पाहिलं, वास घेतला. "साबण बदला जिजी. स्वस्तातला घेऊ नका." जिजीने साबण बदलला. मग गल्लीतल्या सगळ्यांनीच बदलला. उन्हाळा लागता लागता जिजीच्या हातांना खाज सुटली, कोपरापर्यंत लाल चट्टे आले. मास्टरांनी तिला मलम आणून दिलं आणि म्हणाले, नवा साबण लागत नसेल, पुन्हा जुनाच घ्या.

मग आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीया एवढी मोठी नसते. खानदेशी माणसाला तो वर्षाचा सण. त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी मातीची नवी घागर पाण्याने भरून पुजतात, वर खरबूज आणि आंबे ठेवतात, आणि एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. मास्टरांचे वडील त्या हिवाळ्यात वारले होते, त्यांची ही पहिली घागर. गावाहून कोणी येऊ शकलं नाही, म्हणून गुलाबला पितर केलं होतं. मीही जेवायला होतो.

पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं पानात वाढून झालं. मास्टर घागरीला नमस्कार करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. घागरीच्या गळ्याला सकाळी एक पांढरं फडकं गुंडाळलं होतं. पाझरलेल्या पाण्याने ते ओलं झालं होतं आणि त्याच्या काठाला फिकट गुलाबी कड आली होती.

"नव्या घागरीचा गेरू आहे," वहिनी म्हणाल्या. "दरसाल उतरतो. उठा आता."

"गेरू असा नसतो."

"मग कसा असतो? सणाच्या दिवशी तरी ते रंग सोडा."

त्यांनी खिशातून पट्टी काढली आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. सामाईक बोअरच्या नळाखाली त्यांनी पट्टी भिजवली आणि जिजीच्या ओट्याच्या उन्हात पसरली. आम्ही उभे होतो. आतून गुलाब ओरडत होता, "आप्पा, तुमचा बाप भुकेला बसलाय!" पट्टी वाळली. मला तिच्यावर काही दिसलं नाही, खरं सांगतो. मास्टरांनी ती आपल्या अंगठ्याच्या नखाला लावली. त्या महिन्यात बाजारात रानी रंगाची लाट होती; गडद गुलाबी, लग्नातला. गोडाऊनमध्ये सलग तोच चालू होता आणि नखंही त्याच रंगाची होती. नखाशेजारी धरल्यावर मलाही दिसलं.

"हाऊ मन्हाच रंग शे," ते म्हणाले. हा माझाच रंग आहे. मास्टर माझ्याशी अहिराणी बोलत नसत, जेवलात का एवढं सोडून. तेव्हा बोलले.

आत आले तेव्हा गुलाबने तांब्या तोंडाला लावायला उचलला होता. त्यांनी तो हातातून काढून घेतला. "नको पिऊस."

वहिनींना काही कळेना. मास्टर घागरीपाशी खाली बसले. "वर्षाचा तहानलेला बाप दारात येतो म्हणतात. मी त्याला रंगाचं पाणी भरून ठेवलं, कला."

वहिनींनी कोपऱ्यावरून जग मागवला. घागर रिकामी करून त्यात जगचं पाणी भरलं. "पितराला विकतचं पाणी," एवढंच त्या म्हणाल्या. मग गुलाब जेवला. मास्टर जेवले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या लोकांना जिजीच्या ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं. पाच वाक्यांत सांगितलं. बोअर कुठला, पाणी कसलं, कधीपासून, आणि साबणाचं मी बोललो ते चूक होतं. लोक खवळले. एकाने शिवी दिली. दुसरा म्हणाला, शेठ झाला आणि शेजारी विसरला. मास्टर उभेच होते. शेवटी जिजी बोलली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. "सुपडू, तू सांगितलं म्हणून कळलं तरी. नाहीतर मी मरेपर्यंत साबणच बदलत बसले असते." तिच्या हातांना झालं ते त्याच पाण्याने झालं का, हे कोणी तपासून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, असेलही. मास्टरांना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोडाऊनमधल्या बोअरमध्ये खडी आणि सिमेंट भरून तो बंद केला. भरतभाई धावत आले, "अरे, मारो बोर!" मास्टर म्हणाले, डिपॉझिटमधून कापा.

मग त्यांनी जे करायचं ते केलं. रंगाचं पाणी मोठ्या प्लॅस्टिकच्या टाक्यांत साठवायचं आणि भाड्याच्या टँकरने सामाईक शुद्धीकरणाच्या ठिकाणी पाठवायचं. तिथली फी वेगळी. मी हिशेब मांडला. लेसच्या किलोमागे त्यांना पाच रुपये सुटत होते. पाणी साफ करायला सात लागणार होते. मजुरी वाढवून मिळाली तरच जमणार. मास्टर बाजारात गेले, मलाही नेलं. ज्या व्यापाऱ्याकडून निम्मं काम येई, तो गादीवर लोडाला टेकून बसला होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाला, "मास्टर, मेरे पास लेस सूखी आती है. पानी का पैसा मैं क्यूँ दूँ?"

परतताना रिक्षात मास्टर एकदाच बोलले. "त्याचं चूक नाही भाऊ. मीपण चोवीस वर्षं कोरडंच बघितलं."

आठ महिने त्यांनी तोटा सोसून चालवलं. गुलाब आणि बाकीच्यांचा पगार एकदाही चुकवला नाही. स्वतःच्या घरात दूध अर्धा लिटरवर आलं. दर सोमवारी ते सामाईक बोअरमध्ये पट्टी बुडवत. रानी हळूहळू गेली. मग एका सोमवारी पट्टी निळसर आली. "हा माझा नाही," ते म्हणाले. त्यांना हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. पट्टी घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि त्या दिवशी चहाही घेतला नाही.

गुलाबशी भांडण झालं ते संक्रांतीच्या सुमारास. मी गोडाऊनमध्ये हिशेबाला बसलो होतो. मास्टरांनी पाचही जणांना सांगितलं की महिनाअखेरीस बंद करतोय.

"आप्पा, बाजूला चार जण बोअरमध्येच सोडतात," गुलाब म्हणाला. "तुमच्या एकट्याच्या पाण्यानं जमीन रंगली का? तुम्ही बंद केलं तर साफ होणार आहे का?"

"नाही होणार."

"मग?"

"त्यांचा रंग मला ओळखू येत नाही, गुलाब. माझा येतो."

"तुमचं पाणी पांढरं राहील. माझ्या पोरीची फी कोण भरेल? गावाहून मला तुम्ही आणलं. मी आलो नव्हतो."

गुलाब खरं बोलत होता आणि मास्टरही. मी कितीही वेळा मांडलं तरी तो हिशेब जुळत नाही. मास्टर एवढंच म्हणाले, "तुला दुसरीकडे लावून देतो." त्यांनी पाचही जणांना लावून दिलं. ज्या गोडाऊनमध्ये गुलाब लागला तिथे पाणी बोअरमध्येच जात होतं. मास्टरांना ते ठाऊक होतं. गुलाबला लावून ते परत आले तेव्हा माझ्या ओट्यावर बसून नखं खरवडत राहिले. गुलाब त्यानंतर त्यांच्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडे जाई.

डिपॉझिट परत मिळालं ते एक लाख पंधरा हजार. पस्तीस हजार भरतभाईंनी बोअरचे कापले. पैसे घेऊन मास्टर माझ्याकडे आले, सोबत वहिनी. "हे तुमच्यापाशी ठेवा. दर तिसऱ्या दिवशी गल्लीत पाण्याचा टँकर मागवा. नळ येईपर्यंत."

मी म्हणालो, "हे सगळ्या गल्लीचं काम आहे. वर्गणी काढू. तुम्ही एकट्याने का?"

"वर्गणी नंतर काढा. आधी हे संपवा."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. मास्टर चपला घालायला बाहेर गेले तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, लोकांच्या तोंडात पाणी घालतायत, घाला म्हणावं. माझ्या हातात काय घालणार, ते एकदा विचारा त्यांना." मी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. पण पहिला टँकर आला तेव्हा नळीचं टोक धरून बावीस घरांची भांडी भरून घेणाऱ्या वहिनीच होत्या, आणि पुढेही त्याच. कोणी रांग मोडली तर त्यांचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई.

मास्टर पुन्हा मिलमध्ये लागले. ज्या मुलाला त्यांनी काम शिकवलं तो आता तिथे मुख्य मास्टर होता, त्याच्या हाताखाली. फिरती खुर्ची विकायला काढली, कोणी हजाराच्या वर देईना. ती त्यांनी जिजीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. जिजी सकाळच्या उन्हात तिच्यावर बसायची, पाय अधांतरी, प्लॅस्टिक तसंच. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मी शेठाणी आहे, नीट बोला."

वर्षभरात मास्टरांचा खोकला वाढला. रंगाची पूड चोवीस वर्षं नाकातोंडात गेलेली. पुढच्या पौषात त्यांना काम सोडून घरी बसावं लागलं. महिनाभर ते बाहेर दिसले नाहीत.

माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं शेवटचं रूप आहे ते माघातल्या एका सकाळचं. टँकर आला होता. मास्टर धापा टाकत ओट्यापर्यंत आले. उभं राहवेना, तेव्हा जिजी खुर्चीवरून उतरली आणि म्हणाली, "बस बाबा, तुझीच आहे." ते बसले. प्लॅस्टिक कुरकुरलं. खुर्ची त्यांच्या वजनाने थोडी फिरली आणि ते दचकून हसले. वहिनींनी तांब्या भरून आणला. त्यांनी पट्टी काढली, बुडवली, गुडघ्यावर पसरली आणि उन्हाची वाट बघत बसले. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. नखं कोरी होती. मी त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदा. पट्टी वाळल्यावर त्यांनी ती नखाशेजारी धरली, बराच वेळ बघितलं, आणि मला दाखवली.

"धवळं शे भाऊ."

आठ दिवसांनी ते गेले.

टँकर आता बंद करायचा का, म्हणून मी वहिनींना विचारलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, "नळ आला का?" मी म्हणालो, नाही. "मग?" होळीनंतर आमच्या गल्लीत नळ आला. तोवर टँकर आला. पुढे कधीतरी आमचा जुना बोअरही बंद केला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी वहिनींना हिशेब दिला. डिपॉझिटचे आलेले एक लाख पंधरा हजार. टँकर एकशे चाळीस, प्रत्येकी सातशे, एकूण अठ्ठ्याण्णव हजार. शिल्लक सतरा हजार, रोख. त्यांनी न मोजता घेतले आणि विचारलं, "आज सोनं काय भाव आहे?" मी सांगितला. त्या जराशा हसल्या आणि पैसे डब्यात ठेवले.

आखाजीला घागर नळाच्या पाण्याने भरली. मास्टरांची पहिली घागर. पितर म्हणून कोणाला बसवायचं हे ठरलं नव्हतं. वहिनी मला म्हणणार होत्या, असं मला वाटतं. तेवढ्यात दारात गुलाब उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. कामावरूनच आला होता, नखं गडद हिरवी. तो वहिनींकडे बघेना, माझ्याकडेही नाही. घागरीकडे बघत म्हणाला, "आप्पाचं पान वाढलं का?"

वहिनींनी पाट मांडला. गुलाब हात धुऊन बसला. पानात काही टाकलं नाही. शेवटी त्याने तांब्या उचलला आणि थांबला. वहिनी म्हणाल्या, "पी." तो सगळा तांब्या एका दमात प्याला.

त्या सतरा हजारांतून पितराला दिलं ते असं: पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढरा रुमाल मिळून सहाशे चाळीस रुपये, आणि दक्षिणा एकशे एक. घेणारा गुलाब.